बीड संपतं तिथून पुढे

संपादकांनी या अंकासाठी ‘जुन्या घरातल्या नव्या सोयी’ असा विषय दिला, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा कौलांखालचा एसी किंवा चुलीशेजारचा मायक्रोवेव्ह असावा. मी घरांच्या पाठीमागे गेलो. तुळशीवृंदावनाला दरवर्षी रंग लागतो, त्यावरून घराचं वय कळत नाही. मागच्या भिंतीवरचे पाइप कोणी रंगवत नाही.

अस्नोड्याहून दोडामार्गाकडे जाणारा रस्ता डिचोली तालुक्यातल्या लाटंबार्से पंचायतीतून जातो. कासारपाल, वडावल, लाडफे, नानोडा असे वाडे, मध्ये औद्योगिक वसाहत, एका अंगाला तिळारीचा कालवा आणि पुढे महाराष्ट्राची हद्द. घरं चिऱ्याची. काही अजून कौलारू, बरीचशी स्लॅबची, आणि काही अर्धी अशी अर्धी तशी. मे महिना संपत आला होता. पाऊस तोंडावर आला की इथल्या प्लंबरांना जेवायलाही वेळ नसतो, कारण वर्षभर ‘बघू’ म्हणून ठेवलेली गटारं सगळ्यांना एकाच आठवड्यात आठवतात.

मला बघायचा होता तो एक विशिष्ट सांधा. जुना बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, सांडपाण्याचा पाइप जिथे संपतो आणि नवा प्लास्टिकचा जिथे सुरू होतो, ती जागा.

न्हाणीचं पाणी माडाला

खेड्यात बिडाचा ड्रेन पाइप शोधायला निघालं की आधी बरीच पायपीट होते. इथल्या जुन्या घरांना त्याची गरजच नव्हती. न्हाणी घराच्या मागच्या अंगाला, खाली चिऱ्याचा उतार, भिंतीला एक भोक, आणि पाणी थेट केळीत किंवा माडाच्या आळ्यात. रांधपाची भांडी घासली ते पाणीही तिकडेच. शौचाची व्यवस्था घरापासून लांब. सांडपाणी घराच्या आतून, भिंतीतून, जमिनीखालून न्यायचं असतं ही कल्पना शहरातून आली, आणि तिच्यासोबत शहराचा पाइप आला.

म्हणून लाटंबार्शात बीड सापडतं ते निवडक जागी. एखादी जुनी सरकारी इमारत, किंवा मुंबईत नोकरी करून गावी माडी बांधलेल्या कुणाचं तरी घर. पहिल्या मजल्यावर संडास काढण्याची हौस ज्याला परवडली, त्याला उभा पाइप लागला. आणि पीव्हीसी घरोघरी पोचण्याआधीच्या काळात उभा पाइप म्हणजे बीड.

मला मिळालं ते असंच एक घर. मालकीणबाई सत्तरी ओलांडलेल्या. त्यांचे यजमान मुंबईच्या गोदीत होते. सत्तरच्या दशकात त्यांनी माडी चढवली आणि पाइप मुंबईहून ट्रकने आणवले. “सिमेंट म्हापशाहून, पण पाइप मुंबयचे,” बाई अजून कौतुकाने सांगतात. त्या मुंबयच्या पाइपातून गेली काही वर्षं मागच्या भिंतीवर ओल उतरत होती. आता वरचं न्हाणीघर नव्याने होणार होतं. कमोड नवा, टाइल्स नव्या, पाइप प्लास्टिकचे. पण खालचा बिडाचा पाइप जोत्यात शिरून रांधपघराच्या जमिनीखालून पलीकडच्या सेप्टिक टँककडे जातो. रांधपघराची लाल सिमेंटची जमीन, गुळगुळीत, आरशासारखी. ती फोडायची नाही, हे बाईंनी कामाला हात लावण्याआधीच सांगून टाकलं होतं.

थोडक्यात, वर नवं, खाली जुनं, आणि दोघांची गाठ जमिनीपासून वीतभर उंचीवर.

कानाने तपासणी

प्लंबर लाडफ्याकडचे, पन्नाशीचे. सोबत एक तरुण मदतनीस. त्यांनी पिशवी उघडली, त्यात गोंदाचा डबा नव्हता की सिमेंट नव्हतं. एक लहान हातोडी काढून ते पाइपवर वरून खाली टिचक्या मारत आले. वरच्या अंगाला खणखणीत आवाज. खाली, आडवी फांदी जिथे येऊन मिळत होती तिथे, आवाज बसका झाला. त्यांनी खिशातला चाकू टेकवला आणि दाबला. लोखंडात चाकू शिरला, वड्या पाडायच्या बेतात असलेल्या पिठात शिरावा तसा.

“काकी, हांगा पळय,” ते म्हणाले. “दिसता पाइप, पण लोखंड गेलंय.”

बीड गंजतं ते साध्या पत्र्यासारखं पापुद्रे सुटून नव्हे. ओतीव लोखंडात कर्ब असतो, ग्राफाइटच्या बारीक चकत्यांच्या रूपाने. ओल आणि आम्ल यांच्या संगतीत लोखंड विरघळून निघून जातं आणि ग्राफाइट गंजाला धरून तसाच उभा राहतो. आकार तोच, जाडी तीच, रंगही तोच. ताकद मात्र शून्य. म्हणून नजरेपेक्षा कानाची तपासणी खरी.

आडव्या पाइपात आणखी एक गंमत असते. पाणी वाहतं तळातून, पण सडतो बऱ्याचदा माथा. मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो, तोच सडक्या अंड्यांचा वास. तो वर जाऊन पाइपाच्या ओल्या छताला लागतो, तिथले जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात, आणि ते लोखंड खातं. वायू बाहेर जायला छपराच्या वर नेलेला व्हेंट असेल तर हा जाच कमी. या घराचा व्हेंट मागे कधीतरी कौलं परतताना कुणीतरी काढून ठेवला होता आणि परत बसवलाच नव्हता. पाइपाच्या तोंडात प्लास्टिकची पिशवी कोंबलेली होती. प्लंबरांनी ती काढली, हुंगली नाही, बाजूला टाकली.

शिशाचा जमाना

जुने सांधे कसे केलेले असत ते इथे सांगायला हवं, कारण त्यातच पुढच्या सगळ्या अडचणीचं मूळ आहे.

बिडाच्या पाइपाचं एक टोक साधं, दुसऱ्याला घंटेसारखा रुंद गळा. तो सॉकेट. वरच्या पाइपाचं साधं टोक खालच्याच्या सॉकेटात उतरतं. चार इंची पाइपाला चहूबाजूंनी जेमतेम नऊ मिलिमीटर फट राहते. त्या फटीत आधी तागाची सुतळी ठासायची आणि वरचा इंचभर भाग वितळलेल्या शिशाने भरायचा. चार इंची एका सांध्याला जवळजवळ एक किलो शिसं लागे. ते थंड झालं की थोडं आकसतं, म्हणून बोथट छिन्नी आणि हातोडीने गोल फिरत ठोकून पुन्हा घट्ट बसवायचं. आडव्या पाइपात शिसं ओतायचं तर गळ्याभोवती चिकणमातीचा कडा करून वर ओतायला तोंड ठेवायचं. फट जराशी जरी ओली असेल तर तापलेलं शिसं फटकन उडून तोंडावर यायचं. त्यामुळे पावसात हे काम बंद. धूर विषारी असतोच, पण त्या काळी कोण तोंडाला फडकं बांधणार?

आमच्या प्लंबरांनी तरुणपणी शिसं ओतलेलं आहे. त्यांच्या मदतनिसाने ते होताना कधी पाहिलेलंही नाही. आज ते ओतायला सांगितलं तरी या सांध्यात ओतता येणार नाही. शिसं वितळतं ३२७ अंश सेल्सिअसला, आणि पीव्हीसीचा पाइप ८० अंशांच्या आसपासच मऊ पडायला लागतो.

मग लोक करतात काय? प्लास्टिकचा पाइप बिडाच्या सॉकेटात उतरवतात आणि भोवती सिमेंट थापतात. हवं तर वर एम-सील. दोन दिवस सगळं ठाक. या घराच्या आडव्या फांदीवरही मागे कुणीतरी नेमकं हेच केलं होतं. सिमेंटचं भलंमोठं गलगंड दिसत होतं, आणि त्याच्या खालच्या कडेने ओलीची रेघ.

एकशे दहा

आकड्यांच्या बाबतीत नशीब चांगलं म्हणायचं. जुना चार इंची बिडाचा पाइप म्हणजे आतून १०० मिलिमीटर, भिंत पाचाची, म्हणजे बाहेरून ११०. प्लास्टिकचे पाइप बाहेरच्या मापाने ओळखले जातात. दुकानात सांडपाण्यासाठी ‘एकशे दहाचा एसडब्ल्यूआर’ म्हटलं की जो मिळतो, तो बाहेरून ११० मिलिमीटरच. संडासासाठी त्याचा जाड प्रकार घ्यायचा. भारतीय मानक १३५९२ मध्ये त्याला ‘टाइप बी’ म्हणतात. पातळ ‘टाइप ए’ पावसाच्या पाण्यासाठी आणि व्हेंटसाठी. दुकानात दोन्ही एकाच रंगात शेजारी उभे असतात आणि स्वस्त कोणता हे विचारणारं गिऱ्हाईक कोणता नेईल हे सांगायला नको.

वजनाचा फरक मात्र हातात घेतल्याशिवाय कळत नाही. बिडाचा पाइप मीटरला बारा किलोच्या घरात, प्लास्टिकचा दीड. उतरवलेला बिडाचा एक तुकडा मी उचलून बघितला आणि मदतनीस हसला.

बाहेरून मापं जुळली तरी आत एक पायरी राहतेच. प्लास्टिकची भिंत तीन-सव्वातीन मिलिमीटरची, म्हणजे आतला व्यास १०३ च्या पुढे. पाणी प्लास्टिकमधून बिडात जाताना पावणेदोन मिलिमीटरची कड समोर येते. उभ्या पाइपात तिचं काही वाटत नाही. आडव्यात तिथेच केस अडकतात, मग चिंधी, मग चुंबळ. म्हणून जाणता प्लंबर हा सांधा शक्यतो उभ्या भागात आणतो, आणि नेहमी असा की वरचं टोक खालच्याच्या गळ्यात जाईल. उलट झालं तर प्रत्येक सांधा पाण्याला कड दाखवत बसतो.

आता सिमेंट का टिकत नाही ते बघू. एक तर ते गुळगुळीत पीव्हीसीला धरतच नाही. यावर जुना तोडगा आहे: प्लास्टिकच्या टोकाला सोल्युशन फासायचं, ते ओलं असतानाच वर कोरडी जाडसर वाळू भुरभुरायची, आणि सुकल्यावर मग सिमेंट. वाळूमुळे पकड येते. ही वाळूची युक्ती इथल्या काही जुन्या प्लंबरांना ठाऊक आहे, आणि तात्पुरत्या कामाला ती वाईटही नाही. पण सोल्युशन हे खरं तर प्लास्टिक प्लास्टिकला जोडण्यासाठी असतं. ते दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळवून एकजीव करतं. लोखंडाला ते विरघळवणार कसं? बिडाला लावलेलं सोल्युशन म्हणजे निव्वळ रंग.

दुसरं आणि मोठं कारण उन्हाचं. तीन मीटरचा पीव्हीसीचा पाइप तीस अंशांच्या फरकाने सुमारे सहा मिलिमीटर लांबतो. तेवढ्याच लांबीचं बीड एक मिलिमीटर. पश्चिमेच्या भिंतीवरचा पाइप एप्रिलच्या दुपारी केवढा तापतो, आणि जूनमध्ये पहिली सर आली की कसा एकदम निवतो, हे गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको. त्यात न्हाणीचं कढत पाणी. पाइप रोज सरकतो, थापलेलं सिमेंट जागचं हलत नाही, आणि दोघांच्या मधे केसासारखी भेग पडते. दोष पाइपाचाही नसतो आणि सिमेंटचाही. पाइप दुकानात मिळतो, सांधा जागेवर करावा लागतो, आणि घरमालक पैसे मोजतो ते पाइपाचे. सांध्याला लागलेल्या वेळाला तो ‘टाइमपास’ म्हणतो. माझ्या मते सगळ्या गळतीची सुरुवात तिथून होते.

आमोणे आणि रनपार

जेवणाच्या सुट्टीत बिडाचे तुकडे भिंतीला टेकून उभे होते, आणि मनात आलं की हा पाइप याच तालुक्याच्या मातीतून निघालेला असता तर केवढी सोय होती. डिचोलीचं खनिज लोखंड कित्येक दशकं बार्जेसमधून बंदरात आणि तिथून जपानला, नंतर चीनला गेलं. इथे बीड गाळायचं काम सुरू झालं ते १९९० च्या दशकात, तालुक्यातच, आमोण्याला. तिथलं कच्चं बीड, ज्याला धंद्यात पिग आयर्न म्हणतात, पश्चिम आणि दक्षिण भारतातल्या ओतशाळांना जातं. पण तोवर घरातल्या ड्रेनेजमधून बिडाचा पाइप हद्दपार व्हायला लागला होता.

त्याची जागा घेणारा माल कोकणातच तयार होतो. रत्नागिरीजवळ रनपारच्या किनाऱ्यावर फिनोलेक्सचा पीव्हीसीच्या राळेचा कारखाना १९९४ पासून आहे. जळगावात जैन कंपनीने १९८० पासून पीव्हीसीचे पाइप काढायला सुरुवात केली होती, ते मुख्यतः शेतासाठी. पाणी आधी शेतात प्लास्टिकमधून वाहिलं, मग घरात. जगात पहिले पीव्हीसीचे पाइप जर्मनीत १९३० च्या दशकात टाकले गेले. आपल्याकडे ते पोचायला मधली चाळीस-पन्नास वर्षं गेली, आणि त्याच चाळीस-पन्नास वर्षांत बांधलेल्या इमारतींच्या पाठीवर बीड आहे.

मुंबईची पट्टेदार भिंत

हा सांधा बघायचा तर त्याचं खरं माहेर मुंबई. गिरगाव, लालबाग, परळ इथल्या चाळींची मागची बोळं. १९६९ मध्ये मोडकळीला आलेल्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी उपकर लागू झाला, तेव्हा उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या. त्यांतल्या बहुतेकींच्या पाठीला बिडाचे जोडपाइप: एक संडासाचा, एक मोरीचा. सांध्याच्या सुतळीत ओल धरली की तिथे पिंपळ उगवतो आणि मुळं आत शिरून सॉकेट फोडतात.

चाळीत दुरुस्ती एकदम होत नाही. दुसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू आपल्या वाटचा तुकडा बदलतो, चौथ्यावरचा आपला, तिसऱ्यावरचा वाद घालत बसतो. मग भिंतीवर बीड, प्लास्टिक, पुन्हा बीड, पुन्हा प्लास्टिक असे पट्टे दिसतात. यात धोका गळतीपेक्षा वजनाचा. बिडाचा उभा पाइप खालच्यावर उभा असतो. मधला तुकडा काढला की वरचे दोन मजल्यांचे पाइप भिंतीतल्या गंजलेल्या खिळ्यांवर लटकतात, आणि नंतर ते सगळं ओझं बिचाऱ्या प्लास्टिकवर येतं. कापायच्या आधी वरच्या बिडाला सॉकेटखाली लोखंडी अँगलचा आधार द्यायला हवा. लाटंबार्शाच्या घरात हा प्रश्न आला नाही. एकच मजला, आणि वरचं बीड माथ्यापासून एकेक तुकडा करत पूर्ण उतरवलेलं.

कापणं

उरलेल्या खालच्या पाइपाचं सॉकेट तडकलेलं निघालं. म्हणजे त्यात रबरी रिंग बसवून प्लास्टिक उतरवायचा सरळ मार्ग बंद. प्लंबरांनी सॉकेटच्या खाली, टिचकीचा आवाज जिथे खणखणीत येत होता तिथे, खडूने रेघ मारली. पाइपाभोवती कागदाची पट्टी गुंडाळून, म्हणजे रेघ सरळ येते.

बीड ठिसूळ. छिन्नी-हातोडीने तोडायला गेलं तर भेग कुठवर जाईल याचा नेम नाही. ती जोत्यात गेली की लाल जमीन फोडणं आलंच. म्हणून ग्राइंडर, तोही एका जागी दाबून न धरता गोल फिरवत, थोडं थोडं. कापल्यानंतर तारेच्या ब्रशने जुनं डांबर आणि गंज काढून टोक लख्ख केलं, आतला खवला खरवडला. खाली काही पडू नये म्हणून पाइपात आधीच चिंध्यांचा बोळा, आणि त्याला सुतळी बांधून तिचं टोक बाहेर. सुतळी बांधायची विसरले तर तो बोळा रांधपघराखाली जाऊन बसतो.

जाता जाता एक सूचना, ती मात्र गांभीर्याने. गोव्यात काही जुन्या घरांना बिडाऐवजी करड्या रंगाचे अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे पाइप आहेत. धूळ बसलेली असली की लांबून सारखेच वाटतात. त्यांच्यावर ग्राइंडर लावू नये. ती धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. असा पाइप पाणी मारून ओला ठेवून हातकरवतीने कापावा, आणि खरं तर सॉकेटमधून अखंड सोडवून काढता आला तर उत्तम.

मग पिशवीतून निघाला रबरी कपलर: जाड काळी नळी, दोन्ही टोकांना स्टेनलेस स्टीलचे पट्टे, आणि पट्ट्याला स्क्रू. खालचं टोक बिडावर, वरचं प्लास्टिकवर. आत बसवताना दोन्ही पाइपांत थोडी जागा ठेवलेली, प्लास्टिकला लांबायला. तेल लावायचं नाही, रबर खराब होतं. साबणाचं पाणी चालतं. पट्टे आळीपाळीने, थोडे थोडे आवळायचे. वरच्या पाइपाला भिंतीत क्लॅम्प, त्यातला एक घट्ट आणि बाकीचे पाइप सरकू देणारे. छपरावर व्हेंट, वर जाळीची टोपी. सगळं मिळून काम जेमतेम दुपारभराचं.

पाण्याची परीक्षा

प्लंबरांनी सेप्टिक टँकच्या अलीकडच्या चेंबरमध्ये पाइपाचं तोंड फुगणाऱ्या बोळ्याने बंद केलं आणि वरून बादल्या ओतल्या, नव्या सांध्याच्या वर हातभर पाणी चढेपर्यंत. दोरीला खडा बांधून पातळी मोजली. चहा झाला. कपलरभोवती फिरवलेला वर्तमानपत्राचा कागद कोरडा. परत दोरी सोडली, तर पाणी चार बोटं उतरलेलं.

सांधा कोरडा आणि पाणी कमी, म्हणजे ते जमिनीखाली जातंय. रांधपघराच्या लाल सिमेंटखालच्या बिडातून.

अशा वेळी शहरात एवढं मनावर घेत नाहीत. इथे घ्यावं लागतं, कारण जमीन जांभ्याची. चिरा वरून दगड दिसला तरी आतून छिद्रांचा. पावसाचं पाणी जसं पटकन मुरतं, तसंच सांडपाणीही. गावांत गटाराची मुख्य वाहिनी नाही. प्रत्येक घराची सेप्टिक टँक आणि प्रत्येकाचा शोषखड्डा. अस्नोड्याच्या जलशुद्धीकरण प्रकल्पात तिळारीचं पाणी येतं, नळ घरोघरी आहेत, तरी अनेक घरांतली विहीर वापरात आहे. भारतीय मानक शोषखड्ड्याचं पाणी आणि पिण्याची विहीर यांत १८ मीटर अंतर सांगतं. पण मानकाने धरलेला असतो तो शोषखड्डा. रांधपघराखाली फुटलेला पाइप त्याच्या हिशेबात नसतो. या घराची विहीर रांधपघराच्या दारापासून दहा-बारा पावलांवर. बाईंनी ती पावलं मोजली नाहीत, पण एकदा तिकडे बघितलं.

“म्हणजे जमीन फोडूक जाय?”

“नाका काकी,” प्लंबर म्हणाले. जमीन न फोडता घराला बाहेरून वळसा घालून नवी लाइन टाकता येईल, दोन वळणं आणि दोन चेंबर, उतार मिळतो आहे. फक्त चर खणायला चार दिवस हवेत, आणि आभाळ भरून आलेलं. भरपावसात उघडा चर म्हणजे नवा ओहोळ. काम दसऱ्यानंतर.

“आणि तोवर?”

तोवर वरचा संडास वापरायचा नाही, खालचा बाहेरचा आहेच. विहिरीचं पाणी पिण्याला नको, नळाचं घ्यायचं. बाईंना हे फारसं पटलं नाही. नव्या टाइल्स, नवा कमोड, आणि पाच महिने कुलूप? मुलगा गणपतीला येणार, सुना-नातवंडं येणार. पण त्यांनी वाद घातला तो वेगळ्याच मुद्द्यावर: आज बसवलेला हा रबराचा कपलर मग फुकट गेला का?

फुकट गेला नाही. सिमेंटचा सांधा असता तर तो फोडताना प्लास्टिकही फुटलं असतं. पट्ट्याचे स्क्रू सोडवले की कपलर जसाच्या तसा निघतो. वरचा पाइप तिथूनच वळवून बाहेरच्या लाइनला जोडायचा आणि खालच्या बिडाचं तोंड सिमेंटने बुजवून टाकायचं. कपलर दुसऱ्या कुणाच्या घरी लागेल. प्लंबरांनी मदतनिसाला स्क्रूंवर ग्रीसचं बोट फिरवायला सांगितलं, रबराला न लागेल असं, आणि चेंबरमधला बोळा सोडवून पाणी जाऊ दिलं. उतरवलेल्या बिडाचा भाव भंगारवाल्याने काय सांगितलाय यावर मग बराच वेळ बोलणं चाललं. बाईंच्या मते तो फार कमी होता; मुंबयचे पाइप होते ते.